हसलेले अनारसे आणि वऱ्हाडातला ख्रिसमस

वांद्रे नाही, गोवा नाही, रूफटॉप पार्टीही नाही. गेला ख्रिसमस मी अमरावती-अकोल्यात घालवला, घरापासून हजार-दीड हजार किलोमीटर लांब आलेल्या आपल्याच वयाच्या मिशनऱ्यांबरोबर.

ख्रिसमस म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? हिल रोडवरचे दिवे, प्लम केकची प्री-बुकिंग, ऑफिसमधला तो 'सीक्रेट सँटा' (ज्यात आपल्या वाट्याला दरवर्षी कॉफी मगच येतो) आणि एचआरने सक्तीने डोक्यावर चढवलेली लाल टोपी. बरोबर ना?

गेल्या डिसेंबरात एडिटोरियल मीटिंगमध्ये नेहमीची फर्माईश झाली, "ख्रिसमसला काहीतरी हटके द्या." मी सहज बोलून गेले, "मी तर घरी चाललेय. अकोल्याला." सगळे हसले. अकोल्यात उन्हाळा असतो, कापूस असतो, येता-जाता शेगावची कचोरी असते. पण ख्रिसमस?

खरं सांगायचं तर हसू मलाही आलं. आणि मग एकदम आठवलं, की मी अकोल्यात दहा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये शिकले. नाताळची सुट्टी लागली की आम्ही मामाकडे पळायचो. पण ज्यांच्या सणाची ती सुट्टी होती, त्या आमच्या सिस्टर त्या दिवशी काय करायच्या, घरी जायच्या का, त्यांना घर तरी होतं का, हा प्रश्न दहा वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आला नाही.

आता येतो. कारण आता मी मुंबईत पीजीमध्ये राहते. दोन दिवाळ्या क्लायंटच्या लाँचपायी ऑफिसात काढल्यात. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्हेंडिंग मशीनचा चहा पीत व्हॉट्सअ‍ॅपवर घरच्या रांगोळीचा फोटो बघणं म्हणजे काय, ते मला चांगलं माहीत आहे. तुमच्यापैकी अनेकांनाही असेल.

माझी एक शाळेतली मैत्रीण अमरावतीत शिक्षिका आहे. तिला फोन केला. ती म्हणाली, "आमच्या शाळेत तीन तरुण सिस्टर आहेत. सव्वीसच्या वर कुणी नाही. चोवीसला ये. पण कामाला लागायची तयारी ठेव."

सांबार घ्या, सांबार!

तेवीसच्या रात्री अमरावती एक्सप्रेस पकडली. पहाटे गाडी अकोल्यावरून गेली आणि मी उतरले नाही, याबद्दल आईने फोनवर जे सुनावलं ते इथे छापण्यासारखं नाही. बडनेऱ्यानंतर गाडी मेन लाइन सोडून अमरावतीकडे वळली तेव्हा खिडकीबाहेर धुकं होतं आणि तोंडातून वाफ निघत होती. वऱ्हाडातली डिसेंबरची थंडी, मुंबईकर विसरलेले असतात ती खरीखुरी थंडी!

कॉन्व्हेंटच्या दारात मला घ्यायला आली ती वायनाडची सिस्टर. पांढरा झगा, त्यावर बॉयफ्रेंडचा वाटावा इतका ढगळ राखाडी स्वेटर आणि पायात कॅनव्हासचे बूट. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "ये वं बाई, किती उशीर करून राह्यली!"

मी चाट. मातृभाषा मल्याळम, आणि बोली थेट इतवारा बाजाराची. मराठी तिने पुस्तकातून नाही, शाळेतल्या मावशींकडून उचलली. पहिल्या महिन्यातला तिचा किस्सा तर सगळ्या शाळेला पाठ आहे. बाजारात एक भाजीवाला ओरडत होता, "सांबार घ्या सांबार, दहाले जुडी!" घर सोडून महिना झाला होता, जीव सांबारासाठी आसुसलेला. ही धावत गेली, पिशवीतला स्टीलचा डबा काढला आणि त्याच्यापुढे धरला. भाजीवाल्याने शांतपणे त्यात कोथिंबिरीची जुडी ठेवली. (वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी.) "त्या दिवशी मी डबा धरून रडली," ती सांगते, आणि सांगताना हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी येतं.

दुसरी सिस्टर तमिळनाडूतल्या तुतिकोरिनची. समुद्राकाठी वाढलेली, नर्सिंग शिकलेली. तिसरी सगळ्यांत लहान, चोवीस वर्षांची, झारखंडमधल्या गुमल्याची. हा तिचा अमरावतीतला पहिलाच ख्रिसमस. ती फारसं बोलत नव्हती. या तिघींच्या वर एक सुपिरियर, पन्नाशीच्या, मंगळूरकडच्या.

सकाळी पावणेपाचला उठायचं, प्रार्थना, मिस्सा, मग शाळा, संध्याकाळी वसतिगृहातल्या मुलींचा अभ्यास. घरी जायला मिळतं ते वर्षातून एकदा, उन्हाळ्यात, दोन-तीन आठवडे. ख्रिसमसला? कधीच नाही. कारण साधं आहे. "सणाला आम्हीच घरी गेलो तर इथला सण कोण करणार?" दिवाळीत एसटीच्या ड्रायव्हरला सुट्टी नसते, तसंच हे. ज्या दिवशी घरची सगळ्यांत जास्त आठवण येते, तोच यांचा सगळ्यांत बिझी दिवस!

बर्फ नाही, कापूस आहे

मला लगेच ड्यूटी मिळाली. गव्हाणीची सजावट. येशूचा जन्म गोठ्यात झाला, म्हणून चर्चमध्ये आणि घरोघरी छोटा गोठा उभारतात. केरळात त्याला 'पुल्कूडु' म्हणतात, म्हणजे गवताची झोपडी. इथल्या गोठ्याला तुरीच्या तुराट्या होत्या, गवताऐवजी कडबा होता आणि वर बर्फ म्हणून कापूस. दुकानातला गुंडाळीचा नाही, वसतिगृहातल्या एका मुलीच्या बापाने शेतातून आणलेला, सरकीसकट. वऱ्हाडात बर्फ कधी पडणार नाही, पण डिसेंबरात कापूस मात्र हवा तेवढा! बाळ येशूच्या शेजारी गाय होती, गाढव होतं आणि मुलींच्या हट्टापायी पोळ्याचा एक मातीचा बैलही उभा होता.

काम करता करता कळलं, की वायनाडची सिस्टर एक डिसेंबरपासून मांस-मासे खात नाही. केरळातल्या सिरो-मलबार ख्रिश्चनांमध्ये ख्रिसमसआधीचे पंचवीस दिवस हा उपास धरतात. मी म्हटलं, "म्हणजे श्रावणच की!" ती म्हणाली, "हो, आणि श्रावण संपल्यावर तुमच्याकडे जसे मटणाच्या दुकानापुढे उभे असतात ना, तसे आमच्याकडे पंचवीसला सकाळी."

इथल्या मराठी ख्रिश्चन घरांतला नाताळ पाहिला तर तो दिवाळीचा सख्खा भाऊ वाटतो. दारात चांदणी म्हणजे आपला आकाशकंदील. फराळाच्या ताटात करंज्या, चकल्या, शंकरपाळे, चिवडा आणि त्यांच्या शेजारी केकचा तुकडा. संख्येने हा समाज लहान आहे. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिश्चन एक टक्क्याहूनही थोडे कमी होते, आणि वऱ्हाडात तर त्याहून विरळ. त्यामुळे इथे ख्रिसमसची गर्दी नसते. रस्त्यावरून जाताना तुम्हाला कदाचित कळणारही नाही, की आज सण आहे. अमरावतीच्या डिसेंबरात वीस तारखेला गाडगेबाबांची पुण्यतिथी असते, सत्तावीसला भाऊसाहेब पंजाबराव देशमुखांची जयंती. त्या दोन मोठ्या दिवसांच्या मधोमध हा पंचवीस डिसेंबर गुपचूप बसलेला असतो.

"काकू, आमचा अरसा फुटून राह्यला"

दुपारी चारच्या सुमारास स्वयंपाकघरातून चरचर आवाज आला आणि मागोमाग कुणीतरी कढई उतरवल्याचा. जाऊन पाहिलं तर गुमल्याची सिस्टर झाऱ्या हातात धरून उभी, आणि कढईत तपकिरी चुरा तरंगत होता.

ती अरसा करत होती. झारखंडमध्ये सणासुदीला घरोघरी होणारा पदार्थ. तांदूळ भिजवून कुटायचे, गुळाच्या पाकात मिसळायचे आणि गोळे थापून तळायचे. तिची आजी करायची. 'करायची' असं ती म्हणाली तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. सुपिरियर हळूच माझ्या कानात बोलल्या. आजी नोव्हेंबरात गेली. निरोप आला तेव्हा रात्र झाली होती. बडनेऱ्याहून गाडीने गुमल्याला पोचायला दीड दिवस, आणि माती तर दुसऱ्याच दिवशी होती. ती गेलीच नाही. रडलीही नाही फारशी. फक्त गेल्या आठवड्यात म्हणाली, की ख्रिसमसला अरसा मी करीन.

आणि आता तो अरसा तेलात पडला की विरघळत होता. तिसरा घाणा वाया गेला होता.

मी कढईत पाहिलं आणि माझी ट्यूब पेटली. तांदूळ, गूळ, तळण. अहो, हे तर अनारसे! आणि अनारसे बिघडले तर महाराष्ट्रात एकाच हेल्पलाइनवर फोन करायचा असतो. मी मोबाइल स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला.

"आई, ऐक ना..."

"पोचली का?" आई म्हणाली. मग तिने आवाज खाली आणला, पण स्पीकरला त्याचं काय! "ऐक, ते लोक तुला बाटवणार-बिटवणार नाहीत ना? पाणी-बिणी शिंपडू देऊ नको अंगावर."

स्वयंपाकघरात शांतता. फक्त तेल उकळत होतं. माझे कान इतके तापले, की त्यांच्यावर एक घाणा निघाला असता. काय बोलावं सुचेना.

तेवढ्यात गुमल्याची सिस्टर फोनजवळ वाकली आणि म्हणाली, "काकू, आमचा अरसा फुटून राह्यला."

पलीकडे दोन-तीन सेकंद काहीच नाही. मग आईचा आवाज, वेगळाच, स्वयंपाकघरातला. "हसले म्हण की. गूळ किती घातला वं?"

पुढची वीस मिनिटं मला कुणी विचारलंच नाही. गूळ जास्त झाला की अनारसा हसतो, म्हणजे तुपात पडल्यावर फुटून पसरतो. थोडी तांदळाची पिठी मिसळ, घट्ट मळ, झाकून ठेव. घाई करू नको. तेल कडकडीत नको, आच मंद ठेव. एक तळून पाहा, मगच बाकीचे. आई तिकडून सांगत होती आणि इकडे तीन राज्यांतल्या तीन सिस्टर माना डोलवत होत्या. "आमच्यात तर पीठ महिना-महिना ठेवतात, तुम्ही आज भिजवून आज तळता म्हणजे कमाल आहे," हेही ऐकवून झालं.

पाचव्या प्रयत्नाला अरसा फुगला, सोनेरी झाला आणि जागेवर राहिला. सिस्टरने तो झाऱ्यावर धरून बराच वेळ पाहिला. मग ओढणीने पुसावेत तसे स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले आणि दुसरा सोडला.

फोन ठेवताना आई म्हणाली, "पोरगी कुठची आहे ती?"

"झारखंडची."

"एवढ्या लांब," आई म्हणाली. एवढंच.

तो प्रश्न

आता तो प्रश्न हवेत होताच, तर मी रात्रीच्या जेवणानंतर सरळ विचारून टाकला. तुम्ही इथे लोकांना ख्रिश्चन करायला आलात का?

हा प्रश्न माझ्या आईने शोधलेला नाही. १९५४मध्ये, वऱ्हाड जेव्हा मध्य प्रदेश राज्यात होता, तेव्हा त्या सरकारने मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. १९५६मध्ये आलेल्या तिच्या अहवालाने मिशनऱ्यांवर कडक ताशेरे ओढले, आणि ख्रिस्ती संस्थांनी ते तितक्याच जोरात नाकारले. पुढे १९७७मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की धर्माचा प्रसार करण्याचा हक्क घटनेने दिलाय, पण दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा मूलभूत हक्क त्यात येत नाही. म्हणजे संशय जुना आहे आणि वादही जुना आहे. कॉन्व्हेंटच्या फाटकाबाहेर त्या रात्री एक पोलीस हवालदार खुर्ची टाकून बसला होता. सिस्टर त्याला दोनदा चहा देऊन आल्या.

वायनाडच्या सिस्टरने प्रश्न टाळला नाही. "तोंडावर विचारलं की बरं वाटते," ती म्हणाली. "मी तीन वर्षांपासून गणित शिकवते. माझ्या वर्गातल्या एकाही मुलीने धर्म बदललेला नाही. पण मी येशूसाठी आले नाही असं म्हणाले, तर ते खोटं होईल. त्याच्यासाठीच तर घर सोडलं. कुणी विचारलं तर त्याच्याबद्दल सांगीन. कुणाला फसवून, पैसे देऊन काही करणार नाही."

सुपिरियर म्हणाल्या, "तुझ्या आईचं मला नवल नाही वाटलं. मी सिस्टर व्हायचं ठरवलं तेव्हा माझी आई ख्रिश्चन असूनही हेच म्हणाली होती. हे लोक माझ्या पोरीला घेऊन जातील."

सगळं पटलं असं मी म्हणणार नाही. 'माझाच देव खरा' हे वाक्य कुणाच्याही तोंडून आलं तरी मला खुपतं, आणि तसं मी बोललेही. तिने ऐकून घेतलं, मी तिचं ऐकून घेतलं. आमच्यापैकी कुणीही कुणाला बदललं नाही. मग आम्ही सगळ्या मिळून भांडी घासली. ऑफिसातल्या किती वादांचा शेवट इतका चांगला होतो, सांगा बघू.

मध्यरात्रीची मिस्सा

रात्री साडेदहाला सेंट फ्रान्सिस झेवियर कॅथेड्रलमध्ये पोचलो. शाली, कानटोप्या, मफलर. वऱ्हाडी म्हाताऱ्या नऊवारीत, पोरं जॅकेटमध्ये, आणि मागच्या रांगेत माझ्यासारखे 'बघे'. मिस्सा मराठीत झाली, पेटी-तबल्यासकट. घंटा वाजल्या आणि बाळ येशूची मूर्ती गव्हाणीत ठेवली तेव्हा शेजारच्या आजींनी मला न ओळखताच हात मिळवला. "नाताळच्या शुभेच्छा, माय."

मला राहून राहून वाटत होतं, हे सगळं इथपर्यंत कुणी आणलं असेल? तर तेही असेच घर सोडून आलेले तरुण. आल्प्सच्या कुशीतल्या अ‍ॅनसी गावातून सेंट फ्रान्सिस डी सेल्सच्या संघाचे पहिले धर्मगुरू १८४५मध्ये भारतात उतरले आणि पुढे नागपूर-कामठी हा त्यांचा मोठा तळ झाला. त्याच नागपूर धर्मप्रांतातून १९५५मध्ये अमरावतीचा धर्मप्रांत वेगळा निघाला आणि त्याच संघाचे जोसेफ रोझारियो त्याचे पहिले बिशप झाले. पूर्वी बोटीने महिनोन् महिने प्रवास करून आलेले आता रेल्वेने येतात. परदेशी चेहरे जवळजवळ संपले. आज वऱ्हाडात मिशनरी म्हणजे केरळची, तमिळनाडूची, झारखंडची, ईशान्येची मुलं-मुली. घर मात्र तेवढंच लांब.

मिस्सा संपल्यावर तिघी आवाराच्या भिंतीशी फोन घेऊन उभ्या राहिल्या. रात्री एकला वायनाड जागं होतं, तुतिकोरिन जागं होतं. गुमल्यात फोन लागेना. नेटवर्क बिझी. चार वेळा लावला, मग तिने फोन खिशात टाकला आणि पेपर प्लेटमधून अरसे वाटायला सुरुवात केली. पहिला हवालदाराला.

गिनेस बुकातला रस्ता आणि आईचं कुंकू

पंचवीसला सकाळी वृद्धांना भेटून, केक वाटून त्यांना अकोल्यातल्या आपल्या दुसऱ्या कॉन्व्हेंटमध्ये जायचं होतं. मीही त्यांच्या गाडीत बसले. हाच तो अमरावती-अकोला हायवे, ज्याचा ७५ किलोमीटरचा एक पट्टा २०२२च्या जूनमध्ये पाच दिवसांच्या आत डांबरीकरण करून गिनेस बुकात गेला. रस्ता गुळगुळीत, दोन्ही बाजूंना तूर उभी, कापसाने भरलेले ट्रॅक्टर. तिघी पूर्ण रस्ताभर झोपल्या. एकमेकींच्या खांद्यावर डोकं टाकून, तोंड उघडं. तेव्हा त्या अगदी कॉलेजच्या ट्रिपवरून परतणाऱ्या मुली वाटल्या.

आईने सकाळीच फोन करून बजावलं होतं, "त्या पोरींना पाच मिनिटं तरी घरी आण." वाक्य नीट वाचा. ही तीच आई.

घरी पोचलो. भाकरी, भरीत, ठेचा, पाटवडीचा रस्सा. "पाच मिनिटं" तासाची झाली. वायनाडच्या सिस्टरचा उपास सुटलेला असूनही तिने शाकाहारी जेवण तीनदा वाढून घेतलं. निघताना आई सवयीने देवघरातून करंडा घेऊन आली. सवाष्ण, कुमारिका, कुणीही घरातून निघालं की आमच्याकडे कुंकू लावतात. करंडा उघडला आणि ती थबकली. लावायचं की नाही? त्याही थबकल्या. नाही म्हणावं तर काकूंना वाईट वाटेल. तो क्षण मी विसरणार नाही. दोन्हीकडच्या बायका, दोन्हीकडे मन राखायची धडपड, आणि मध्ये चिमूटभर कुंकू.

आईने करंडा मिटला. आत गेली आणि फडताळातून एक बरणी घेऊन आली. दिवाळीचं उरलेलं अनारशाचं पीठ. गुमल्याच्या सिस्टरच्या हातात बरणी देत म्हणाली, "हे नाही हसायचं. मी जबाबदार."

तिने बरणी काखेत धरली, हात जोडले आणि तिच्या गावाकडचा नमस्कार केला, "जोहार, काकू."

"अगं, जोहार तर आमच्या चोखोबांच्या अभंगातला!" आई म्हणाली, आणि दारापर्यंत सोडायला गेली. नंतर कळलं, फाटकाबाहेर गाडी सुरू होईपर्यंत ती तिथेच उभी होती.

अकोल्याची जेनी

संध्याकाळी अकोल्यातल्या एका मराठी चर्चचा कार्यक्रम पाहायला गेले. हे प्रोटेस्टंट जग वेगळं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकन अलायन्स मिशनने अकोल्याला आपलं मोठं ठाणं केलं. त्या काळात जेनी फुलर नावाची अमेरिकन बाई नवऱ्याबरोबर अकोल्यात राहायची. १९००मध्ये तिचं भारतीय स्त्रियांच्या हालांवर इंग्रजी पुस्तक आलं, त्याला प्रस्तावना होती पंडिता रमाबाईंची. पुढे तिचं चरित्र निघालं त्याच्या नावातच 'अकोला आणि मुंबई' असं आहे. दहा वर्षं अकोल्यात शिकूनही हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं. आपल्या गावाबद्दल आपल्याला किती कमी माहिती असते!

चर्चमध्ये टाळ, पेटी, तबला. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मराठी ख्रिश्चनांना भजनाचा जो ठेका दिला, तो अजून टिकून आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे टिळक १८९३मध्ये राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या माणसाला भेटले, त्याने त्यांना बायबल दिलं, आणि १८९५मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर घरात जे वादळ उठलं, ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त आहे. आईच्या फोनवरच्या त्या वाक्यामागे असं सगळं खरंखुरं तुटलेपणही असतं, हे विसरून चालत नाही.

टाळकऱ्यांच्या मागे एक मिझो मुलगा गिटार घेऊन उभा होता. वय तेवीस, मुलांच्या एका वसतिगृहात काम करतो. मिझोराममध्ये ख्रिसमसला अख्खं गाव एकत्र जेवतं आणि ढोलाच्या तालावर रात्र-रात्र गातं. मी विचारलं, "आठवण येते?" म्हणाला, "गाणं चालू असेपर्यंत नाही. नंतर येते." मग म्हणाला, "इथे सगळे विचारतात, नेपाळी का? आज एका आजींनी विचारलं, जेवला का? फरक आहे ना?"

आहे. आणि दोन दिवस मी जे पाहत होते ते त्याने एका वाक्यात सांगितलं. ही मुलं द्यायला येतात. शिकवायला, शुश्रूषा करायला, आपल्या देवाबद्दल सांगायला. ते आपल्याला पटो न पटो. पण देणाऱ्याला कुणी काही देत नाही. त्याला घर आहे, आजी आहे, त्याचाही पदार्थ कढईत फुटतो, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. ज्या क्षणी कुणीतरी त्यांना काहीतरी देतं, मग ती पिठाची बरणी का असेना, त्या क्षणी ती 'मिशनरी' राहत नाहीत. शेजारी होतात.

सव्वीसच्या रात्री मुंबईची गाडी पकडली. सत्तावीसला डेस्कवर. समोरच्या क्युबिकलमध्ये आमचा कोट्टयमचा डिझायनर बसतो. चार वर्षं ओळख आहे. पहिल्यांदाच विचारलं, "ख्रिसमसला कुठे होतास?"

"इथेच. शिफ्ट होती."

मी डब्यातून एक अरसा काढून त्याच्यासमोर ठेवला. तो म्हणाला, "अरे, हा तर आमच्या नेय्यप्पमसारखा!"

आता आईला फोन करून सांगायचंय, की केरळातही करतात.

जायचं असेल तर...

- मुंबईहून अमरावती एक्सप्रेस रात्री सुटते, सकाळी पोचवते. वाटेत अकोला लागतं. दोन्ही शहरं एकाच ट्रिपमध्ये आरामात होतात.
- स्वेटर, मफलर न्याच. 'विदर्भ म्हणजे गरम' हे डिसेंबरच्या रात्री विसरा.
- रात्रीच्या मिस्सेची वेळ आधी विचारून घ्या, ती दरवर्षी मध्यरात्रीचीच असेल असं नाही.
- मिस्सेत कुणीही बसू शकतं. पण पवित्र प्रसाद फक्त कॅथलिकांसाठी असतो, तेव्हा त्या रांगेत उभं राहू नका. जागेवर शांत बसलं तरी चालतं.
- फोटो काढण्याआधी विचारा, विशेषतः वसतिगृहातल्या मुलांचे.
- रिकाम्या हाताने जाऊ नका. महाग काही नको. घरचा फराळ चालतो. धावतो.